राहून पाहिलेल्या जागा

दारव्ह्यापासून यवतमाळवरून थेट कळंबपर्यंतचा रस्ता सरकारी एसटीनं ताब्यात घेतला आणि मुख्तारची प्रवासी मोटर दारात उभी राहिली. त्या रस्त्यावर त्यानं अठरा-वीस वर्षं स्वतःची मोटर चालवली होती. लढाईच्या काळात पेट्रोल मिळेना तेव्हा कोळशाच्या गॅसवर चालवली, रस्ता वाहून गेला तेव्हा शेतातून काढली. एसटीवाल्यांनी त्याला ड्रायव्हरची नोकरी देऊ केली होती. "माह्याच रस्त्यावर दुसऱ्याची गाडी हाकू?" एवढंच बोलून तो तिथून उठला. शेवटी मोटर पुसदच्या एका लाकूडवाल्याला विकली. त्या दिवसापासून तो एसटीत बसला नाही. कुठं जायचं झालं तर रेल्वेनं जायचा, नाहीतर ओळखीच्या ट्रकवाल्याला हात दाखवायचा.

मोटर गेली आणि घरात नवरा आला, असं त्याची बायको अकीला म्हणायची. इतकी वर्षं तो पहाटे जायचा आणि दिवेलागणीला यायचा. आता दिवसभर ओट्यावर. पण बसणं त्याला येतच नव्हतं. लांबून हॉर्न ऐकू आला की उठायचा, गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा, परत यायचा. चहा मागायचा आणि तो येईपर्यंत पुन्हा बाहेर. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे त्याच्या त्या येरझारा पाहायला घरात ती एकटीच होती.

एक दिवस तो जेवता जेवता म्हणाला, "मोटरचे पैसे असेच ठेवले तं सरून जातीन. एक घर घेतो. भाड्यानं द्यायचं. दर महिन्याले पैसे."

अकीलाला ते पटलं. तिचा धाकटा भाऊ नजीर, ज्याचं बाजारात सायकलीचं दुकान होतं, त्यालाही पटलं. "इथंच मोहल्ल्यात घ्या ना, दुल्हाभाई. नजरेसमोर राहीन," तो म्हणाला.

"मोहल्ल्यात भाड्यानं कोन येते?" मुख्तार म्हणाला. "इथं सगळेच आपापल्या घरात. भाडेकरू म्हंजे बाहेरचा मानूस. मास्तर, तलाठी, कंपाउंडर. थो जिथं उतरते तिथं घर पाह्यजे. अन् आपल्याले परवडलंबी पाह्यजे."

मग त्याचं हिंडणं सुरू झालं. यवतमाळात भाव ऐकून तो परत आला. दारव्ह्यात स्टेशनाजवळ घर होतं, पण मालक तिघे भाऊ आणि तिघांचं तीन ठिकाणी तोंड. कळंबला मात्र चिंतामणीच्या देवळापासून थोडं पलीकडे पाच खोल्यांची एक ओळ विकाऊ होती आणि किंमत आवाक्यातली होती. तिथून आला त्या संध्याकाळी त्यानं अकीलाला सांगितलं, "दोन-चार महिने आपन तिथं राहून पाहू."

"कुठं?"

"त्याच वळीत. एक खोली खाली हाय. ज्या घरात मी सोता राहू शकत नाई, त्याचं भाडं मी दुसऱ्याले कसं मागू? भाडेकरू होऊन पाह्यल्याबिगर मालक कसं व्हायचं, सांग बरं."

तिला वाटलं, थट्टा करतोय. पण दुसऱ्या दिवशी ट्रकवाला दारात आला. अकीलानं भांडी पोत्यात भरली, कोंबड्या शेजारी दिल्या, घराला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचून नवऱ्याशेजारी ट्रकमध्ये बसली. रस्ताभर तो तिला दाखवत होता, इथं टायर फुटला होता, इथं एका बाईचं बाळंतपण मोटरीतच झालं होतं. इतक्या महिन्यांत तो एवढा खूश तिला दिसला नव्हता.

कळंबची खोली बरी होती. हिवाळा होता, ऊन दारात यायचं. शेवटच्या खोलीत विमलताई म्हणून एक मास्तरीण आपल्या आईबरोबर राहत होती. वय पंचविशीच्या आसपास, लग्न झालेलं नाही, आवाज मोठा आणि स्वच्छ. आई रुक्माबाई दिवसभर दारात बसलेली असायची, एक रिकामी घागर शेजारी घेऊन. ती घागर तशी का ठेवलेली असते, हे अकीलाला दोन दिवसांनी कळलं. आवारातल्या विहिरीला हात लावायची रुक्माबाईला मनाई होती. कुणी पाणी शेंदलं तर तिच्या घागरीत वरून ओतायचं. विमलच्या बापानं छप्पन साली नागपूरला जाऊन बायकोमुलीसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती. तो पुढं वारला. हेडमास्तरांनी शब्द टाकला म्हणून मालकानं मायलेकींना खोली दिली होती, पण विहीर दिली नव्हती.

अकीलाला विहिरीवर जाता यायचं, फक्त बादली तिची स्वतःची असायला हवी होती. तिनं रोज रुक्माबाईची घागर आधी भरायला सुरुवात केली. पाणी भरून झालं की रुक्माबाई म्हणायची, "बस व माय, थोडी," आणि अकीला बसायची. संध्याकाळी विमल शाळेतून आली की पोरांच्या गमती सांगायची आणि तिघी हसायच्या.

मुख्तार मात्र तिथंही टिकेना. सकाळी उठून नागपूर रोडवर जायचा. परत येऊन खोलीत भिंती ठोकून पाहायचा. मालकाशी वाद घालायचा. "बारा रुपये घेता अन् दाराले धड कडी नाई? पावसाळ्यात पानी कुठून वाह्यते? संडास साफ कोन करते?" मालक वैतागून म्हणायचा, "मियाँ, तुमाले घर इकत घ्यायचं हाय का माह्या जीव?"

चैत्रात विहीर तळाला गेली. त्यानं तेवढं निमित्त धरलं. "इथं लोक येतात, गनपतीचं दर्शन घेतात, चालले जातात. राहाले कोन येते? अन् पानी नाई. पानी नाई तं भाडेकरू नाई."

"विमलबाई राह्यतात ना," अकीला म्हणाली.

"तिची बदली होईन तं थेबी जाईन."

सामान पुन्हा पोत्यात गेलं. या खेपेला बोरी अरब. तिथं भगवानराव नावाचे एक मोठे शेतकरी होते, कापूस आणि तुरीचे, बोलायला अगदी मोकळे. त्यांनी रेल्वे स्टेशनाकडून गावात येणाऱ्या वाटेवर तीन खोल्या बांधल्या होत्या आणि त्या त्यांना विकून टाकायच्या होत्या. भाव ऐकून मुख्तारचा विश्वासच बसेना. कळंबच्या निम्मा. "रेल्वे हाय, रस्ता हाय, हप्त्याचा बाजार हाय," तो बोटांवर मोजून सांगायचा. "अकीला, जागा म्हंजे अशी."

"तं घेऊन टाका. अन् वापस दारव्ह्याले जाऊ आपन."

"पाऊसपानी तं पाहू दे."

भगवानराव चांगले होते. वासरू झालं की चीक पाठवायचे, हरभऱ्याची डाळ पाठवायचे. मुख्तार त्यांच्याकडेही तक्रारी घेऊन जायचा, छपरावरचे कवेलू सरकले आहेत, खिडकीला गज नाहीत, आणि ते हसून माणूस पाठवायचे. पण अकीलाला तिथं करमत नव्हतं. शेजारच्या दोन्ही खोल्या रिकाम्या. दिवसातून एकदा-दोनदा गाडी यायची, चार माणसं उतरायची आणि वाट पुन्हा ओस. दुपारी भांडी घासताना आपण कुठल्या गावात आहोत तेच तिला क्षणभर आठवायचं नाही. कळंबला चूल उजवीकडे होती, इथं डावीकडे, आणि हात अजून दारव्ह्याच्या घरातल्या कोनाड्याकडे जायचा.

श्रावणात तीन दिवस झड लागली. तिसऱ्या दिवशी दुपारी अकीला भाकरी थापत होती तेव्हा उंबऱ्यावरून पाण्याची एक बारीक रेघ आत आली. तिला वाटलं, दारातलंच पाणी असेल. पिठाच्या हातानं तिनं पोतं लावलं. पोतं तरंगलं. बाहेर पाहते तर अडाण नदी वाटेवर आली होती. आवाज नाही, लाटा नाहीत, नुसतं गढूळ पाणी सगळीकडून सरकत येत होतं.

मुख्तारनं पीठ आणि ट्रंक फळीवर चढवली, दोघं बाजेवर चढून बसली. गोधड्या तेवढ्या खालीच राहिल्या. पाणी गुडघ्याएवढं झालं आणि दिवस मावळायच्या आत उतरू लागलं. भगवानराव धोतर वर खोचून चिखलातून स्वतः आले. "घाबरले तं नाई ना? दर साली थोडंसं येते. दोन घटका राह्यते अन् जाते."

"दर साली?" मुख्तार म्हणाला. "मंग सांगतलं काहून नाई?"

"तुमी इचारलंच नाई," भगवानराव सरळपणे म्हणाले. "कड्या इचारल्या, कवेलू इचारले. म्या म्हनलं, स्वस्त काहून हाय हे मानसाले समजलंच असन."

ते गेल्यावर मुख्तार चिखलात उभा राहून कपाळ चोळत होता. मग म्हणाला, "यवतमाळले लोहाऱ्याकडे एक जागा हाय. ट्रकवाला सांगत होता. अगदी रोडवर."

अकीला अजून बाजेवरच होती. आता ती बाजेवरून खाली उतरली. "कळंब, बोरी, आता यवतमाळ. तुमच्या मोटरचेच थांबे हायत हे सगळे. तुमी घर पाहून राह्यले का मोटर पाहून राह्यले?"

तो तिच्याकडे पाहत राहिला. हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. मग त्याला राग आला. "तुले समजत नाई त्यातलं," तो म्हणाला, आणि सकाळच्या रेल्वेनं यवतमाळला निघून गेला.

अकीलानं ओल्या गोधड्या पिळल्या. पण बोरीत त्या वाळणार कुठं? तिनं दोन गाठोडी बांधली, बुरखा घातला आणि एसटीनं दारव्ह्याला आली. आपल्या अंगणात, आपल्या दोरीवर वाळत घालायच्या, एवढंच तिच्या मनात होतं.

मोटर स्टँडवर उतरली तर समोर रुक्माबाई. ट्रंकेवर बसलेली, शेजारी तीच घागर. अकीलानं हाक मारली तशी म्हातारीचे डोळे भरून आले.

शाळा चालवणारी जनपद सभा जाऊन जिल्हा परिषद आली होती आणि त्या फेरबदलात विमलची बदली दारव्ह्याला झाली होती. शाळा सुरू झाल्यापासून मायलेकी शाळेच्या सामानाच्या खोलीत झोपत होत्या. आता तिथं धान्य यायचं होतं, म्हणून ती खोलीही सोडावी लागली. आईला स्टँडवर बसवून विमल जागा शोधायला गेली होती. ती परत आली तेव्हा तिच्या चपला चिखलानं भरलेल्या होत्या.

"पुन्हा तेच, भाभी," ती म्हणाली. "खोली दाखवतात. भाडं ठरते. मंग इचारतात, बाई, आडनाव काय? आडनाव सांगतलं का म्हनतात, अवो, जागा तं कालच गेली. आज चार जागा कालच गेल्या."

ती हसली, पण ते हसू कळंबच्या संध्याकाळचं नव्हतं.

"चाला," अकीला म्हणाली. "आधी चहा घ्या."

घराचं कुलूप गंजलं होतं. तेल नव्हतं म्हणून विमलनं दगडानं ठोकून ते सैल केलं. आत जाळी झाली होती, उंदरांनी कोपरा उकरला होता. अकीला चुलीशी बसली तोवर रुक्माबाईनं न विचारता झाडू घेतला. चहा होईपर्यंत दोन्ही खण झाडून झाले आणि अंगणातल्या निंबाखाली पाल्याचा ढीग लागला. अकीलानं दोरीवर गोधड्या टाकल्या. परत वळली तेव्हा विमल उंबऱ्यात बसून पायांवरचा चिखल काडीनं काढत होती आणि ती काडी कुठं टाकावी यासाठी इकडं तिकडं पाहत होती.

अकीलानं कमरेची किल्ली काढली. "हे घर घ्या. कळंबले देत होत्या तेवढंच भाडं द्या."

विमलनं आईकडे पाहिलं. रुक्माबाई म्हणाली. "माय, तुमचा मोहल्ला हाय. तुमचे लोक काय म्हनतीन? अन् आमचेबी म्हनतीन, मुसलमानाइत जाऊन राह्यली म्हनून."

"म्हनू द्या. नळ अंगनात हाय. त्याले कोनी हात नाई धरत."

म्हातारी उठली आणि नळाशी गेली. तोटी फिरवली, पाणी वाहू दिलं, पुन्हा बंद केली. मग म्हणाली, "विमल, ट्रंक घेऊन ये."

नजीरला कळलं तसा तो दुकान उघडं टाकून आला. "आपा, दुल्हाभाईले इचारलं का?"

"नाई."

"मंग?"

"सांगीन."

"अन् तुमी कुठं राह्यसान?"

याचा तिनं विचार केला नव्हता. ओल्या गोधड्या तिनं तशाच पुन्हा गाठोड्यात बांधल्या. हा निंब तिनं लावला होता. लग्न होऊन आली ती याच दारातून. पण ती शेवटच्या एसटीनं बोरीला परत गेली.

मुख्तार दुसऱ्या दिवशी यवतमाळहून आला, उत्साहात. जागा रोडला लागून होती. त्याचं बोलणं संपू देऊन अकीलानं सांगितलं, "दारव्ह्याचं घर म्या भाड्यानं देलं. विमलबाईले."

त्याला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा तो ओरडला. तिनं कधी ऐकले नव्हते असे शब्द त्यानं वापरले. "माह्यं घर! मले न इचारता! अन् एकट्या बाईमानसाले! उद्या मोहल्ला माह्या दारावर येईन!"

"दार तुमचं कुठं हाय? तुमी तं कुलूप लावून सोडून देलतं."

"आजच्या आज खाली करून घेतो," तो म्हणाला आणि निघाला. रेल्वे गेलेली होती. ट्रक दिसेना. एसटी आली, आणि रागाच्या भरात तो तिच्यात चढला. ड्रायव्हर त्याच्याच हाताखाली शिकलेला निघाला. "उस्ताद, समोर बसा," म्हणत त्यानं पुढची जागा झटकून दिली. दारव्ह्यापर्यंत मुख्तार समोरच्या रस्त्याकडे पाहत बसला. गियर पडताना आवाज आला तेव्हा मात्र त्याचा डावा पाय आपोआप हलला.

घराशी आला तर विमल शाळेत गेली होती. रुक्माबाई निंबाखाली तांदूळ निवडत होती. त्याला पाहून ती लगबगीनं उठली. खाट टाकली, पाण्याचा गडवा भरला, आणि गडवा हातात धरून थांबली. हा आपल्या हातचं पाणी घेईल का, हे तिला ठरवता येईना. मुख्तारनं हात पुढं केला आणि गटागट पाणी प्याला. रागात घसा कोरडा पडला होता. त्यानं अजून मागितलं.

दुसऱ्यांदा पाणी देताना रुक्माबाई म्हणाली, "मालक, तुमी आले थे बरं झालं. चुलीच्या वरचे कवेलू सरकले हायत. काल राती सारं पीठ भिजलं. अन् मागच्या दाराची कडी तं नावालेच हाय. पोरगी एकटी जाते-येते. भाडं घेता तं तेवढं पाहा बा."

कळंबला ती त्याला मुख्तारभाऊ म्हणायची. आज मालक म्हणाली. हीच वाक्यं त्यानं कळंबच्या मालकाला ऐकवली होती, भगवानरावांना ऐकवली होती, आणि त्यांच्या हसण्याचा त्याला संताप यायचा. आता त्याला हसणंही सुचेना. काय बोलायला आलो होतो ते आठवत तो थोडा वेळ खाटेवर बसला. मग म्हणाला, "शिडी कुठं हाय?"

नजीर पाहायला आला तेव्हा दुल्हाभाई छपरावर उकिडवे बसून कवेलू बसवत होते आणि खाली रुक्माबाई सांगत होती, "थोडं डाव्या बाजूनं."

मोहल्ल्यात बोलणं झालंच. मशिदीजवळच्या दोघांनी मुख्तारला अडवून विचारलं. तो म्हणाला, "भाडेकरू हाय. वेळेवर भाडं देते. तुमच्याजवळ याच्याहून चांगला असन तं आना." त्यांच्याजवळ नव्हता. पुढं त्यातल्याच एकाची नात विमलच्या वर्गात बसू लागली.

आता प्रश्न उरला तो या दोघांचा. ज्यांना भाड्यासाठी घर घ्यायचं होतं त्यांना राहायलाच घर नव्हतं. यवतमाळची जागा अकीलानं पाहिलीही नाही. "दारव्ह्याच्या बाहेर मी जात नाई," एवढंच तिनं सांगितलं. शेवटी दारव्ह्यातच, यवतमाळ रोडवर, वस्ती संपते तिथं बाभळीतला एक तुकडा मिळाला. तिथं कुणालाच राहायचं नव्हतं म्हणून तो स्वस्त होता. या वेळी मुख्तारनं आधी पाणी विचारलं. मग दोन खोल्या उभ्या केल्या, समोर टिनाचं छप्पर टाकलं आणि ट्रकांची, शेतकऱ्यांच्या विहिरीवरच्या इंजिनांची दुरुस्ती सुरू केली. हात कामात असले की तो बरा असायचा. काम नसलं की रस्त्यावर.

अकीलाला मात्र ती जागा मानवली नाही. चारी बाजूंनी मोकळं, शेजार नाही, वाऱ्याबरोबर धूळ थेट चुलीत. दिलं ते बरं केलं, असं तिला रोज वाटायचं आणि आपलं घर गेलं, असंही रोज वाटायचं.

पुढच्या ईदला विमलनं दोघांना बोलावलं. रुक्माबाईनं शेवया केल्या होत्या. अकीला सवयीनं सरळ चुलीशी गेली आणि कोनाड्याकडे हात नेला. कोनाड्यात दुसरीच भांडी होती. रुक्माबाईच्या ते लक्षात आलं. ती म्हणाली, "बस व माय, मी देतो." अकीला बाहेर येऊन निंबाखाली पाहुणीसारखी बसली. झाडाला यंदा भरपूर पाला होता. विमल तिच्याशेजारी येऊन बसली, तिच्या हातावर हात ठेवून शाळेतलं काहीतरी सांगू लागली, आणि अकीला हसली. खरंच हसू आलं तिला.

परतताना मुख्तार दोन पावलं पुढं चालत होता. एकाएकी थांबून म्हणाला, "दिग्रसले एक जागा हाय म्हनतात. नजीरले कोनी सांगतलं. पाहून यायले काय हरकत हाय?"

"पाहून या," अकीला म्हणाली. "राहाले मी येनार नाई."

तो पुन्हा चालू लागला, पण आता तिच्या बरोबरीनं. समोरून यवतमाळची एसटी धूळ उडवत आली तशी दोघं रस्त्याच्या कडेला सरली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मुख्तारनं हात वर केला, आणि धूळ खाली बसेपर्यंत दोघंही तिथंच उभी राहिली.